आनंदीबाईंची डोकेदुखी

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की नऊवारीतले ते छायाचित्र आणि ‘पहिली महिला डॉक्टर’ हे बिरुद आपल्याला आठवते. पण ऐन उमेदीत त्यांचे डोके सतत दुखत असे, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाली. नवरा पोस्टात, सुमारे वीस वर्षांनी मोठा, हट्टी आणि बायकोला शिकवायचेच या ध्यासाने झपाटलेला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. मग बदल्यांमागून बदल्या : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बंगालातले श्रीरामपूर. बदलीच्या नोकरीत जन्म काढलेल्यांना या यादीतला शीण वेगळा सांगायला नको.

बंगालात प्रकृती ढासळली. अशक्तपणा, अधूनमधून ताप, कधी धाप आणि डोकेदुखी तर कायमचीच. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जुळले होते. त्यांनी तिकडून औषधे पाठवली. गुण आला नाही. तरीही ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

ही अर्धशिशी होती का? पुढे क्षयाने गेलेल्या देहातल्या दुखण्याला आज नाव चिकटवणे मला पटत नाही. पण त्यांच्या डोकेदुखीची नोंद तरी राहिली. घरोघरच्या बायकांच्या डोकेदुखीची कोण ठेवतो? बंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेली प्रौढ माणसे ढोबळमानाने शंभरात पंचवीस निघाली. बायकांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट. साऱ्या जगाचा हिशेब सातांत एक असा आहे. म्हणजे शहरातल्या कुठल्याही वाड्यात, चाळीत हे दुखणे मुक्कामाला आहेच.

रखरखीत ऊन, उग्र वास, उपास, जागरण यांनी अर्धशिशी चाळवते, असे डॉक्टर सांगतात. आमच्या दोंडाईच्यात मिरचीच्या हंगामात पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांना पहिली दोन चुकत नाहीत. उरलेली दोन तर आपण बायकांच्या पुण्याच्या खाती जमा करतो. कपाळाला सुंठेचा लेप, डोक्याला आवळलेले फडके, आणि बाई चुलीपुढे भाकरी थापतेच आहे. घरातले म्हणतात, डोकेच तर दुखते!

आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली, पण रुजू होणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही भरली नव्हती. ज्या मावशीने डोकेदुखीवर औषधे पाठवली होती, तिच्याकडेच पुढे त्यांच्या अस्थी गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत.