ज्यूलिया मार्गारेट कॅमेरून

लहान मुलास क्षणभर स्थिर बसविणें किती कठीण, हें आमच्या वाचक मातापित्यांस सांगावयास नको. ज्या काळीं तो क्षण मिनिटांनीं मोजावा लागे, त्या काळीं मुलांमाणसांचीं छायाचित्रें काढण्यास वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं आरंभ करणाऱ्या एका बाईंची हकीकत आम्ही येथें देत आहों.

ज्यूलियाबाईंचा जन्म सन १८१५ मध्यें कलकत्त्यास झाला. वडील कंपनी सरकारच्या नोकरींत होते. सन १८३८ मध्यें त्याच शहरीं चार्ल्स हे कॅमेरून या कायदेपंडितांशीं त्यांचा विवाह झाला. दहा वर्षांनीं हें कुटुंब इंग्लंडांत गेलें आणि १८६० पासून वाइट नांवाच्या बेटावर फ्रेशवॉटर गांवीं राहूं लागलें. कविवर्य टेनिसन हे त्यांचे शेजारी.

सन १८६३ च्या अखेरीस पति सिलोनांतील आपल्या मळ्यांकडे गेले होते. आईचा एकटेपणा कांहींसा सुसह्य व्हावा म्हणून मुलीनें व जांवयानें त्यांस एक कॅमेरा भेट दिला. बाईंस त्या विद्येचा गंधही नव्हता. तरी कोळशाची खोली त्यांनीं काळोखी खोली केली, आणि काचेचें खुराडें कोंबड्यांस बाहेर काढून चित्रशाळा झालें!

त्या वेळची रीत मोठी कटकटीची होती. काचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव पसरावा, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावी, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी, आणि वाळण्यापूर्वीं धांवत जाऊन तीवर चित्र उमटवावें. हात काळे पडत. घरांतील टेबलावरचीं कापडेंही डागांपासून सुटलीं नाहींत. बाईंनीं आपलें पहिलेंच चित्र, एका शेतकऱ्याचें, ओल्या बाजूवर हात फिरवून स्वतःच पुसून टाकिलें. नंतर दोन मुलांस एकत्र बसविलें. चित्र अर्ध्यावर आलें असतां एकास हसूं फुटलें, आणि सारे श्रम वायां गेले.

मग त्यांनीं एकाच मुलीस बसविलें. तूं हललीस तर माझीं औषधें व मेहनत फुकट जाईल, असें त्यांनीं तिला मोकळेपणानें सांगितलें आणि तिच्या समजूतदारपणावर भिस्त ठेविली. आमच्या मतें सारें मर्म येथेंच आहे. मुलीनें तो विश्वास राखिला. २९ जानेवारी १८६४, शुक्रवार, दुपारीं एक वाजतां चित्र घेतलें, आणि रात्रीं आठपर्यंत तें छापून, चौकटींत बसवून मुलीच्या वडिलांस दिलेंही. आनंदाच्या भरांत बाई त्या मुलीस देण्यासाठीं घरभर वस्तु शोधीत धांवल्या. अॅनी नांवाच्या त्या मुलीचें चित्र आजही पाहावयास मिळतें. केस मोकळे, अंगांत गुंड्यांचा कोट, नजर बाजूस. हसूं मात्र नाहीं.

पुढें बाईंनीं नातलगांच्या मुलांचीं, दासींचीं, विद्वानांचीं अनेक चित्रें काढिलीं. मुलांस देवदूत करण्यासाठीं हंसाचे जड पंख त्यांच्या खांद्यांस बांधीत. मुलांस तें फारसें रुचत नसे, व आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं. भिंगाची दृष्टि नेमकी तीक्ष्ण न करतां, जेथें मुखमुद्रा सुंदर दिसे तेथेंच त्या थांबत. म्हणून धंदेवाईक छायाचित्रकारांनीं त्यांच्या अस्पष्ट चित्रांची व काचेवरील डागांची कुचेष्टा केली. परंतु १८६५ मध्येंच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानें तीं विकत घेतलीं. सन १८६७ मध्यें वृद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांचें चित्र घेण्यापूर्वीं बाईंनीं त्यांस केस धुवावयास लाविलें, म्हणजे ते पांढरे शुभ्र फुलून दिसावे!

सन १८७५ मध्यें पतीसह त्या सिलोनास गेल्या. तेथें साहित्य दुर्मिळ, तरी मळ्यांवरील मजुरांचीं व गांवकऱ्यांचीं कांहीं चित्रें त्यांनीं काढिलींच. जानेवारी १८७९ मध्यें तेथेंच त्यांचें देहावसान झालें.