मधमाश्यांच्या साथीमुळे बचावलेले शास्त्रज्ञ : कार्ल फॉन फ्रिश

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडणारे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी तीन दशके जर्मनीत मधमाश्या लाखोंनी मेल्या नसत्या, तर हे संशोधन बहुधा अपुरेच राहिले असते, ही हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. मामा सिग्मंड एक्स्नर हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. वोल्फगांग सरोवराकाठी ब्रुनविंकल येथे कुटुंबाचे जुने गिरणीघर होते. फ्रिश यांचे पुष्कळसे प्रयोग तेथेच झाले. मधमाश्यांना रंग दिसत नाहीत, हे त्या काळी प्रचलित असलेले मत त्यांनी साखरपाणी आणि रंगीत कागदांच्या साध्या प्रयोगांनी खोडून काढले. १९२५ साली ते म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक झाले.

नाझी राजवटीत त्यांच्या आईच्या घराण्याचा शोध घेण्यात आला. आजी ज्यू वंशाची असल्याचे ठरवून १९४१ च्या आरंभी त्यांना सक्तीने निवृत्त करण्याचा निर्णय कळविण्यात आला.

याच सुमारास नोसेमाच्या साथीने जर्मनीतील मधमाश्यांना ग्रासले होते. हा सूक्ष्म परजीवी मधमाशीच्या आतड्यात वाढतो आणि तिचे आयुष्य खुंटवितो. दोन वर्षांत काही लाख वसाहती नष्ट झाल्या. प्रश्न केवळ मधाचा नव्हता. फळझाडे, तेलबिया आणि चाऱ्याचे क्लोव्हर यांचे परागीभवन मधमाश्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आपल्याकडील मोहरी आणि सूर्यफूल यांचेही तसेच आहे. युद्धकाळात अन्नाची, विशेषतः खाद्यतेलाची टंचाई होती. तेव्हा अन्न मंत्रालयाने नोसेमाच्या अभ्यासाचे काम फ्रिश यांच्याकडे सोपविले आणि त्यांची निवृत्ती युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलण्यात आली. ज्यांच्या वंशावर शासनाचा आक्षेप होता, त्यांच्याच ज्ञानाची शासनाला गरज भासली.

नोसेमावर त्यांना हमखास उपाय सापडला नाही. उरलेल्या मधमाश्यांकडून अधिक काम करून घेण्याचा मार्गही त्यांनी चोखाळला. एखाद्या पिकाच्या फुलांचा गंध दिलेले साखरपाणी पोळ्यात पाजल्यास माश्या त्या पिकाकडे अधिक संख्येने वळतात, असे त्यांना दिसून आले.

१९४४ साली बॉम्बहल्ल्यांत म्युनिकची संस्था उद्ध्वस्त झाली. ब्रुनविंकल येथे काम सुरू ठेवताना त्यांनी साखरपाण्याच्या ताटल्या पोळ्यापासून दूर नेल्या आणि स्वतःचाच जुना निष्कर्ष बदलला. वर्तुळाकार नाच मकरंदासाठी आणि पोटाचा मागील भाग हलवत केलेला नाच परागासाठी, असे ते पूर्वी मानत. प्रत्यक्षात पहिला नाच अन्न जवळ असल्याचे सांगत होता, तर दुसरा दूरच्या अन्नाची दिशा आणि अंतर. पोळ्यावरील उभ्या रेषेशी नाचाचा जो कोन होतो, तोच बाहेर सूर्याच्या दिशेशी अन्नाच्या दिशेचा कोन असतो.

युद्धानंतर ग्राझ येथे काही काळ काम करून १९५० साली ते म्युनिकला परतले. नोबेल पारितोषिकात कोनराड लोरेन्झ आणि निकोलास टिनबर्गन हे त्यांचे सहमानकरी होते. १२ जून १९८२ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. नोसेमा मात्र संपलेला नाही. १९९६ साली आशियाई मधमाशीत नोंदविलेली त्याची दुसरी जात पुढील दशकात युरोपातील मधपेट्यांतही आढळली.