कामगारांचे कैवारी पोप लिओ तेरावे

पोप लिओ तेरावे यांचे मूळ नाव जोआक्कीनो पेच्ची. २ मार्च १८१० रोजी रोमच्या दक्षिणेकडील कार्पिनेतो या डोंगराळ गावी त्यांचा जन्म झाला. १८३७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८४३ ते १८४६ या काळात पोपमहोदयांचे राजदूत म्हणून ते बेल्जियममध्ये होते. खाणी व कारखान्यांच्या त्या देशात नव्या उद्योगयुगाशी त्यांचा जवळून संबंध आला. पुढे बत्तीस वर्षे पेरुजियाचे महागुरुस्वामीपद सांभाळल्यावर २० फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांची पोपपदी निवड झाली.

त्या काळी युरोपात दोन विचारसरणींचा झगडा चालू होता. ठरलेली मजुरी दिली की मालकाचे कर्तव्य संपले, शासनाने मध्ये पडू नये, असे अनिर्बंध भांडवलशाही म्हणत असे. उलट, खाजगी मालकी नष्ट करून सारी मालमत्ता समाजाच्या ताब्यात द्यावी, असे समाजवादी सांगत.

१५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध करून लिओ यांनी दोन्ही टोके नाकारली. मजूर पोटाला चिमटा घेऊन जमिनीचा तुकडा घेतो, तेव्हा तो तुकडा म्हणजे त्याची मजुरीच होय. तो हिरावला तर पहिला घाव मजुरावरच पडेल, असे त्यांनी दाखवून दिले. कुटुंब हे राज्याच्याही आधीचे, म्हणून शासनाने त्याचा घास घेऊ नये. मात्र दुर्बलांचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. उपाशी माणसाने नाइलाजाने मान्य केलेली मजुरी न्याय्य ठरत नाही, हे सांगून त्यांनी कामगारांच्या संघटनेचा हक्कही उचलून धरला. संत थॉमस अक्वायनस यांना अनुसरून, मालकी खाजगी असली तरी तिचा उपयोग सर्वांच्या हितासाठी व्हावा, अशी त्यांची शिकवण होती.

आपल्या देशाशीही त्यांचे नाते आहे. १८८६ साली त्यांनी भारतात धर्मप्रांतांची रीतसर रचना केली. भारतीय याजक घडविण्यासाठी त्यांनी १८९३ मध्ये कँडी येथे स्थापन केलेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली.

२० जुलै १९०३ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी, ते प्रभूघरी गेले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी त्यांचेच नाव धारण केले.

आपणही कोणा ना कोणाचे मालक असतो. आपल्या घरी, वाडीत वा बांधकामावर राबणाऱ्याच्या हाती संध्याकाळी आपण जे ठेवतो, त्यात त्याचे घर चालते का, हे आपण स्वतःला विचारू या.