विश्लेषण : घरातल्या ‘स्मार्ट’ उपकरणांचा गोंधळ आणि मार्कोनी

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी फोनवर वायफायची यादी उघडून पाहा. वसतिगृहे, मेस, भाड्याच्या खोल्या, क्लासचे मजले. प्रत्येकाचा राउटर वेगळा, आणि सगळ्यांची नावे एकाच यादीत. त्यात आता घरोघरी स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, दाराचा कॅमेरा आणि पाण्याची टाकी भरली की मोटर बंद करणारा सेन्सर आला आहे. बल्ब दोन सेकंद उशिरा लागला तर कुणाचे बिघडत नाही. पण टाकीवरच्या सेन्सरचा निरोप खाली पोहोचलाच नाही, तर मोटर चालू राहते आणि पाणी गच्चीवरून रस्त्यावर वाहते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात ही गोष्ट किरकोळ नाही.

बहुतेक वेळा अशा सेन्सरमध्ये बिघाड नसतो. एकाच हवेत अनेक यंत्रे एकाच वेळी बोलू लागली की कुणाचेच नीट ऐकू येत नाही. ही अडचण वायरलेसइतकीच जुनी आहे. ज्यांनी वायरलेस जगभर नेले, त्या गुग्लिएल्मो मार्कोनी यांच्या आयुष्याची बरीच वर्षे हा गोंधळ आवरण्यातच गेली.

मार्कोनी कोण होते?

जन्म २५ एप्रिल १८७४, इटलीतील बोलोन्या. वडील जमीनदार. आई ॲनी जेमसन आयर्लंडची, तिथल्या प्रसिद्ध व्हिस्की गाळणाऱ्या घराण्यातली. महाविद्यालयीन पदवी त्यांच्याकडे नव्हती. हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत दाखवल्या होत्या. १८९४ मध्ये हर्ट्झ वारले, त्या सुमारास त्यांच्या कामाविषयी वाचून विशीतल्या मार्कोनींना या लहरींवरून तार पाठवण्याची कल्पना सुचली. पोंतेक्कियो गावातल्या घराच्या माळ्यावर त्यांनी यंत्रे मांडली. १८९५ मध्ये एक टोक जमिनीत आणि दुसरे उंच हवेत अशी रचना केल्यावर संदेश टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर पोहोचला. पलीकडून बंदुकीचा बार काढून तो मिळाल्याची खूण करण्यात आली, असे सांगतात.

इटलीत फारसा प्रतिसाद न मिळाल्याने १८९६ मध्ये ते आईबरोबर इंग्लंडला गेले. तिथल्या टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना हात दिला. पुढच्याच वर्षी कंपनी निघाली, आणि १८९९ मध्ये इंग्लिश खाडीपार संदेश गेला.

मार्कोनींनी वायरलेसचा ‘शोध’ लावला, हे वाक्य मात्र जपूनच वापरावे. १८९५ मध्येच कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर या लहरींनी भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली होती. मार्कोनींनी १९०१ मध्ये न्यूफाउंडलँडला वापरलेला पाऱ्याचा संवेदक बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीला सादर केलेल्या संवेदकाशी मिळताजुळता होता, आणि त्याच्या श्रेयाचा वाद अजून मिटलेला नाही. मार्कोनींचे मोठेपण वेगळे. सुटे सुटे शोध जोडून त्यांनी रोज चालणारी, पैसे मिळवणारी सेवा उभी केली.

सुरुवातीलाच गोंधळ का झाला?

त्या काळचे प्रक्षेपक ठिणगीवर चालत. दोन गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी उडाली की लहरी निघत. पण त्या एका ठरावीक वारंवारितेच्या नसत, सगळीकडे पसरत. भर बाजारात एकाच वेळी दहा कर्णे लावल्यासारखे. एक केंद्र बोलत असेल तर ठीक, दोन बोलू लागली की दोघांचेही ऐकू येत नसे. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या नौकाशर्यतीची बातमी वायरलेसने पाठवायला प्रतिस्पर्धी कंपन्या आल्या, आणि त्यांनी एकमेकांचे संदेश पार बुडवले.

यावर उपाय म्हणून मार्कोनींनी २६ एप्रिल १९०० रोजी पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ७७७७, वायरलेसच्या इतिहासात तो ‘चार साते’ म्हणूनच ओळखला जातो. कल्पना अशी की, पाठवणारे आणि घेणारे ही दोन्ही यंत्रे एकाच सुरात जुळवायची, म्हणजे आपल्या सुराचेच ऐकू येईल आणि बाकीचे बाजूला राहील. त्याच वर्षी त्यांनी एकाच ॲंटेनावर दोन वेगवेगळे संदेश एकाच वेळी घेऊन दाखवले. आज राउटरमध्ये आपण ‘चॅनल’ निवडतो, त्याचे मूळ या जुळणीत आहे. ऑलिव्हर लॉज यांनी अशा जुळणीचे पेटंट १८९७ मध्येच मागितले होते; ते मार्कोनींच्या कंपनीला १९११ मध्ये विकत घ्यावे लागले. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनींच्या अमेरिकी पेटंटचे महत्त्वाचे दावे रद्द केले. तोवर मार्कोनी हयात नव्हते.

१२ डिसेंबर १९०१ ला कॉर्नवॉलमधून निघालेला संदेश अटलांटिकपार, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर न्यूफाउंडलँडला त्यांनी ऐकल्याचे जाहीर केले. पतंगाला बांधलेली तार हा त्यांचा ॲंटेना होता आणि संदेश होता मोर्सचे तीन ठिपके. काही तंत्रज्ञांना तो हवेतला खडखडाट असावा असे आजही वाटते. दोनच महिन्यांनी जहाजावर कागदी पट्टीवर उमटलेले संदेश दाखवून त्यांनी बहुतेकांची तोंडे बंद केली.

जुळवले की व्यत्यय संपतो का?

नाही, आणि हे मार्कोनींना सर्वांसमक्ष कळले. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे सल्लागार जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. मार्कोनी स्वतः कॉर्नवॉलहून संदेश पाठवणार होते. त्याआधीच सभागृहातले यंत्र खडखडू लागले आणि त्यावर मार्कोनींची टिंगल करणारा मजकूर उमटू लागला. हे काम होते नेव्हिल मॅस्केलिन यांचे. ते जादूगारांच्या प्रसिद्ध घराण्यातले आणि वायरलेसचे जाणकार. समुद्री तारांची एक कंपनी त्यांच्या पाठीशी होती. जवळून साधा ठिणगीचा प्रक्षेपक चालवला तर जुळवलेले यंत्रही फसते, हे त्यांना दाखवायचे होते. फ्लेमिंग यांनी वर्तमानपत्रात संताप व्यक्त केला; मॅस्केलिन यांनी उत्तर देऊन हसे केले. कंपनीचा सुरक्षिततेचा दावा मात्र त्या दिवशी पोकळ ठरला.

आपल्या घरासाठी या प्रसंगातून जी गोष्ट घ्यायची ती तांत्रिक आहे. जवळचा मोठा आवाज, सूर वेगळा असला तरी, दूरचा बारीक आवाज गिळून टाकतो. स्मार्ट हब राउटरला चिकटवून ठेवला की नेमके हेच होते.

टायटॅनिकचा यात काय संबंध?

१९०९ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा मार्कोनी पस्तिशीत होते. कंपनीचे ऑपरेटर जगभरच्या जहाजांवर होते. इतर कंपनीचे यंत्र असलेल्या जहाजाशी एरवी बोलायचे नाही, असा कंपनीचा नियम होता. धंद्याच्या दृष्टीने चतुर, माणसांच्या दृष्टीने घातक. १९०६ च्या बर्लिन परिषदेत देशांनी मिळून हा अडसर काढायचे ठरवले. एका कंपनीचा बल्ब दुसऱ्या कंपनीच्या हबला ओळखत नाही, हा आजचा वैताग त्याच जातीचा. तो कमी करण्यासाठी २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक आले.

१४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिकवरचे मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर जॅक फिलिप्स दूरच्या केप रेस केंद्राकडे प्रवाशांच्या खासगी तारा पाठवत होते. तिथून येणारा संदेश क्षीण. इतक्यात जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने आपण बर्फात अडकल्याचे कळवले, आणि तो आवाज इतका मोठा आला की केप रेसचे ऐकू येईना. फिलिप्स यांनी चिडून त्याला गप्प केले. कॅलिफोर्नियनचा एकुलता एक ऑपरेटर थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. दीड हजारांवर माणसे गेली; सुमारे सातशे वाचली, तीही वायरलेसची हाक ऐकून आलेल्या कार्पेथिया जहाजामुळे. मार्कोनी त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. वाचलेल्यांनी त्यांना धन्यवाद दिले, चौकशी समित्यांनी प्रश्न विचारले. दोन्ही रास्तच होते.

त्यानंतर हवेची वाटणी सुरू झाली. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या, तेव्हा निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या लहरींवर ढकलले.

खडकी आणि दौंडशी मार्कोनींचे नाते काय?

त्याच ‘निरुपयोगी’ लघुलहरींकडे मार्कोनी १९२० च्या दशकात परतले. तोवर त्यांची कंपनी प्रचंड वीज खाणारी दीर्घलहरींची केंद्रे बांधत होती. ‘एलेत्रा’ नावाच्या नौकेवर प्रयोगशाळा थाटून ते महिनोन्‌महिने समुद्रात फिरत. त्यांचे अभियंता चार्ल्स फ्रँकलिन यांनी लघुलहरी एकाच दिशेने झोतासारख्या सोडणारे ॲंटेना तयार केले. थोड्या विजेत जगाच्या पलीकडे संदेश जाऊ लागला, आणि झोत नको तिकडे जात नसल्याने इतरांना त्रासही कमी. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारताशी या पद्धतीने संपर्क उभारण्याचा करार केला.

भारताची सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला, घेणारे दौंडला. दोन्ही एकाच आवारात बांधणे स्वस्त पडले असते. पण पाठवणाऱ्या केंद्राच्या गडगडाटात विलायतेहून आलेला क्षीण संदेश बुडाला असता. म्हणून मध्ये सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर. इंग्लंडमध्येही भारतासाठीची दोन केंद्रे अशीच वेगवेगळ्या ठिकाणी होती. लातूर–मुंबई एक्स्प्रेसने जाणारे रात्री दौंड ओलांडतात, तेव्हा व्यत्यय टाळण्याचा महाराष्ट्रातला हा जुना धडा खिडकीबाहेरून जात असतो.

शेवटची वर्षे

ती गौरवाची होती आणि काळिमा लावणारीही. १९२३ मध्ये ते मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेले, १९३० मध्ये इटलीच्या शाही अकादमीचे अध्यक्ष झाले. या बाजूकडे डोळेझाक करणारी चरित्रे अपुरी आहेत. संशोधन मात्र चालूच होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी व्हॅटिकन आणि पोपच्या कास्तेल गांदोल्फो येथील उन्हाळी निवासादरम्यान साधारण अर्धा मीटर तरंगलांबीच्या लहरींवर दूरध्वनी बसवला. आपले वायफाय साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास चालते, म्हणजे ते आपल्या लहरींच्या उंबरठ्यावर आले होते. २० जुलै १९३७ ला रोममध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ६३. बीबीसीच्या केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले.

आता घरात काय करायचे?

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. म्हणूनच तिथे वायफाय, ब्लूटूथ, झिगबी, सगळे एकत्र नांदतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गळती करतो. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा जागा बदलून गर्दीतून वाट काढते. वायफाय तसे करत नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधले ३ किंवा ४ निवडले तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण. रुंदी ४० केली तर वेग वाढेल असे वाटते. ट्यूशन एरियासारख्या दाटीत उलटेच होण्याची शक्यता जास्त. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. स्वस्त स्मार्ट प्लग बहुधा २.४ वरच चालतात, त्यांच्यासाठी जागा मोकळी होते.

झिगबी सेन्सर असतील तर वायफायचा आणि झिगबीचा चॅनल क्रमांक एकच समजू नका; दोन्हींची मोजणी वेगळी आहे. वायफाय १ वर असेल तर झिगबीचे ११ ते १४ चॅनल झाकले जातात, ११ वर असेल तर २१ ते २४. झिगबीचे १५, २०, २५ हे बऱ्यापैकी मोकळे मिळतात. हबचा चॅनल बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतात, तेव्हा हे काम सुटीच्या दिवशी काढा.

हब राउटरपासून किमान तीन-चार फूट दूर ठेवा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क २.४ च्या पट्ट्यात आवाज करते, त्यामुळे झिगबीचा डोंगल तिच्या शेजारी न लावता छोट्या एक्स्टेंशन वायरने बाजूला घ्या. लोखंडी कपाटामागे राउटर ठेवणे टाळा.

टाकीच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. पाणी या लहरी शोषते, मध्ये स्लॅब असतो, आणि राउटर बहुधा तळमजल्यावर. सेन्सरचा रेडिओ टाकीच्या बाहेर, वरच्या बाजूला बसवा आणि जिन्यात एक झिगबी प्लग रिपीटर म्हणून लावा. एवढे करूनही मोटर फक्त वायरलेसच्या भरवशावर सोडू नका. स्टार्टरला तारेने जोडलेला साधा फ्लोट स्विच असू द्या. टाकी भरली की तो हवेत कितीही गर्दी असली तरी मोटर बंद करतो.