डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : मुंबईत औषधं बनवणारा रसायनतज्ज्ञ

भाट्येत ओळखीच्या एका घरी गेलो, तर अकरावीतली लेक लिमिटिंग रिएजंटच्या गणितावर अडून बसलेली. हे पुढे कुठे लागतं, असा तिच्या अब्बांचा सवाल. आम्हाला ‘सिप्ला’चे संस्थापक मरहूम डॉ. हमीद आठवले.

हमीद साहेबांचा जन्म 1898 साली अलिगढचा. असहकाराच्या दिवसांत त्यांचा जामिया मिल्लियाच्या कामाशी संबंध आला. मग जर्मनी गाठली आणि बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतली. लुबा या लिथुआनियाच्या ज्यू तरुणीशी निकाह झाला तोही बर्लिनमध्येच. ज्ञान आणि माणसं निवडताना साहेबांनी सरहद्दी मोजल्या नाहीत, असं आम्हाला वाटतं.

1935 मध्ये त्यांनी मुंबईत कंपनी काढली. भांडवल होतं दोन लाखांचं, जागा बेलासिस रोडवरचा भाड्याचा बंगला. 1937 साली पहिलं औषध बाजारात आलं. 4 जुलै 1939 रोजी महात्मा गांधी कारखाना पाहायला आले. लगेच महायुद्ध पेटलं आणि परदेशातून येणारी औषधं थांबली. तेव्हा कंपनीनं देशातच रसायनं बनवायला घेतली.

आता त्या लेकीचं गणित. बिर्याणीला तांदूळ भरपूर, पण मटण दोनच किलो असेल, तर देग मटणाच्या हिशेबानंच लागते. औषधाचंही तसंच. अ‍ॅस्पिरिन घ्या. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा 1 मोल म्हणजे 138 ग्रॅम, अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडचा 102 ग्रॅम, आणि एकास एक मोल लागतो. आपल्याकडे पहिलं 276 ग्रॅम, म्हणजे 2 मोल. दुसरं 153 ग्रॅम, म्हणजे 1.5 मोल. दुसरं आधी संपणार, म्हणून अ‍ॅस्पिरिन 1.5 मोलच होईल. 1.5 गुणिले 180, म्हणजे 270 ग्रॅम. सोबत 90 ग्रॅम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, आणि 69 ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड तसंच उरतं. बेरीज करून पाहा, दोन्हीकडे 429 ग्रॅम. प्रत्यक्षात हाती थोडं कमीच लागतं, कारण गाळताना, धुताना काही जातंच. पोरं चुकतात ती इथं : वजन जास्त दिसलं की तेच मोजतात, मोल काढतच नाहीत.

युद्धात बोट अडकली की एखादा कच्चा माल असाच कमी पडायचा आणि गोळ्या किती निघतील ते तोच ठरवायचा.

फाळणीनंतरही साहेब इथंच राहिले. मुंबईचे शेरीफही झाले. 1972 मध्ये मुंबईतच त्यांचा इन्तकाल झाला. कंपनीचं काम पुढे त्यांचे चिरंजीव युसूफ यांनी सांभाळलं.