आठवड्याचा काटा आणि हॉपरबाई

कापसाच्या वेचणीचे दिवस आले की आमच्या महागाव तालुक्यात काट्याला मोठा मान येतो. वेचणाऱ्या बाईने दिवसभरात किती वेचले ते संध्याकाळी काट्यावर कळते. गाठोडे लटकते, आकडा वहीत चढतो आणि बाजाराच्या दिवशी त्याच आकड्यांवरून मजुरी हाती पडते. एखादीने दोन-चार किलो जास्त वेचले तर शेजारणी तिला चिडवतात. ते चिडवणे म्हणजे कौतुकच असते. पहिल्या वेचणीला सीतादही होते, पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लागते. शेतीत कष्ट अपरंपार, भावाची खात्री नाही. तरीही एक गोष्ट आहे : झालेले काम डोळ्यांना दिसते, ते मोजले जाते आणि त्याचे चार माणसांत नाव निघते.

याच मातीतली मुले-मुली आज पुण्याला हिंजवडीत किंवा त्याही पलीकडे सॉफ्टवेअरचे काम करतात. शेजारच्या पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेव्हा ही वाट आम्हांला नवखी राहिलेली नाही. पण ही मुले नेमके करतात काय, हे घरच्यांना सांगता येत नाही. त्यांचे काम ना दिसते, ना काट्यावर चढते. त्यांच्याकडे एक चाल मात्र आहे. आठवडा संपताना गट एकत्र जमतो आणि कुणी काय तडीस नेले ते प्रत्येक जण सांगतो. कुणाची नवी प्रणाली ग्राहकाच्या हाती गेलेली असते, तर कुणाला तीन दिवस छळणारी एका ओळीतली चूक सापडलेली असते. दोघांनाही टाळ्या मिळतात. हे ऐकून आमच्याकडची वडीलधारी मंडळी हसतात. एवढी शिकलेली माणसे आणि एका चुकीसाठी टाळ्या!

मला मात्र अशा वेळी ग्रेस हॉपर आठवतात. विदर्भातल्या वाचकाला ग्रेस म्हटले की नागपूरचे कवी माणिक गोडघाटे आठवणार. या ग्रेस निराळ्या. अमेरिकेच्या नौदलातल्या अधिकारी, गणिताच्या प्राध्यापिका आणि संगणकाला माणसाच्या भाषेजवळ आणणाऱ्या पहिल्या काही जणांतल्या एक. आठवड्याच्या टाळ्यांची चाल त्यांनी पाडली असे मी म्हणत नाही. पण लहान काम नोंदवून ठेवले, त्याला नाव दिले आणि ते दुसऱ्याच्या हाती सोपवले की त्याचे केवढे मोठे होते, हे ज्यांच्या आयुष्यावरून कळावे अशी दुसरी व्यक्ती मला दिसत नाही.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ चालते कसे हे पाहायला या मुलीने ते उघडले. जुळवता येईना म्हणून दुसरे उघडले. असे करत घरातली सातही घड्याळे मोकळी झाली. आईने रागावण्याऐवजी तोडगा काढला : एक घड्याळ तुझे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. वडिलांना आजारपणात दोन्ही पाय गमवावे लागले होते. मुलींनी मुलांच्या बरोबरीने शिकून आपल्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. महाविद्यालयाच्या प्रवेशाला ग्रेस लॅटिनमध्ये नापास झाली, वर्षभर थांबली आणि पुन्हा बसून पास झाली. पुढे १९२८ मध्ये व्हासार महाविद्यालयाची पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट, आणि व्हासारलाच प्राध्यापकी. मधल्या काळात, १९३० मध्ये, व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला होता. तो १९४५ मध्ये घटस्फोटाने संपला, आडनाव मात्र कायम राहिले.

दुसऱ्या महायुद्धात बाईंनी नौदलात जायचे ठरवले. वय सदतिशीला टेकलेले आणि वजन नौदलाच्या मापापेक्षा सुमारे सात किलो कमी. दोन्ही कारणांनी नकार मिळायला हवा होता. बाईंनी खास सवलत मिळवली आणि प्रशिक्षणात पहिला क्रमांक पटकावला. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथे हॉवर्ड एकेन यांचा मार्क वन हा प्रचंड गणकयंत्र उभा होता. लांबी एक्कावन्न फूट, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीहून जास्त, आणि उंची आठ फूट. एका गुणाकाराला त्याला सहा सेकंद लागत. आज खिशातला फोन जे डोळ्याचे पाते लवायच्या आत करतो, त्यासाठी तो दिवसरात्र खडखडत असे.

बाई हजर झाल्या त्याच दिवशी एकेनसाहेबांनी त्यांच्या हाती गणिताचा एक किचकट प्रश्न ठेवला आणि पुढच्या गुरुवारपर्यंत उत्तर मागितले. असा यंत्र बाईंनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे दोन तरुण अधिकारी तिथे आधीपासून होते. त्यांनी हात दिला आणि काम पार पडले. हॉपरबाईंची संगणकातली कारकीर्द अशी एका आठवड्याच्या मुदतीने सुरू झाली.

त्या प्रयोगशाळेत यंत्राची रोजनिशी असे. यंत्र कधी सुरू झाला, कधी अडला, काय बिघडले, काय दुरुस्त झाले, सगळे वेळेसह लिहायचे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळून महिना होत नाही तोच, मार्क टू या पुढच्या यंत्रात बिघाड शोधताना एका विद्युत कळीत अडकून मेलेला पतंग सापडला. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणायची रीत तंत्रज्ञांत एडिसनच्या काळापासून होती. इथे खराच किडा हाती लागला! मंडळींनी तो चिकटपट्टीने रोजनिशीत डकवला आणि खरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची गमतीची ओळ शेजारी लिहिली. पतंग बाईंनी स्वतः पकडला, किंवा हा शब्द त्यांनी काढला, असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. ते बरोबर नाही. बाईंनी हा किस्सा पुढची चाळीस वर्षे रंगवून सांगितला, एवढे खरे. ती रोजनिशी पतंगासह आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहे. एका दुपारच्या दुरुस्तीचे एवढेसे कौतुक, पण ते लिहून ठेवले म्हणून उरले.

सगळ्याच कामांचे कौतुक करता येते असेही नाही. १९४४ मध्ये मार्क वनवर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्यासाठी एक गुंतागुंतीचे गणित सोडवण्यात आले. ते कशासाठी, हे प्रयोगशाळेला सांगितलेले नव्हते. अणुबॉम्बच्या रचनेशी त्याचा संबंध होता, हे युद्ध संपताना उमगले. काम चोख झाले, पण त्याचा आनंद कसा मानावा, हा प्रश्न त्यांच्यापाशी राहिला असणार.

पुढची वर्षे बाईंना जड गेली. नौदलाच्या नियमित सेवेत वयामुळे घेतले नाही. स्त्रीला कायमची जागा हार्वर्डने दिली नाही. कामाचा ताण, मोडलेला संसार आणि उद्याची अनिश्चिती यांत दारूचा आधार वाढत गेला. १९४९ च्या अखेरीस प्रकरण अटक आणि रुग्णालयापर्यंत पोहोचले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. मित्रांनी वेळीच खरमरीत शब्दांत जाणीव दिली आणि बाई सावरल्या. थोर माणसांच्या चरित्रातली अशी पाने आपण गाळतो. मला ती महत्त्वाची वाटतात. दिवसरात्र राबणाऱ्या माणसाला कुणीतरी वेळेवर हटकायलाही लागते.

त्याच १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या होत्या. तिथे त्यांच्या हातून मोठे काम झाले, आणि त्याचे मूळ हार्वर्डच्या वह्यांत होते. एखादे गणित यंत्राला समजावणारा आज्ञांचा तुकडा जमला, की सहकारी तो वहीत उतरवून ठेवत. दुसऱ्याला गरज पडली की तो वही मागून आणी आणि तुकडा हाताने नकलून घेई. नक्कल करताना चुका होत. बाईंनी विचार केला, नक्कल करणे हेच तर यंत्राचे काम! प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक द्यायचा, तुकडे फितीवर साठवायचे, माणसाने फक्त क्रमांक सांगायचे आणि यंत्राने ते शोधून जोडून घ्यायचे. १९५२ पर्यंत हा पहिला संकलक, म्हणजे कम्पायलर, चालू झाला. दहा जणांनी दहा आठवड्यांत मिळवलेली लहान लहान यशे त्यात कायमची गुंफली गेली.

मग जल्लोष झाला का? मुळीच नाही. संगणक आकडेमोड करतो, आज्ञा लिहीत नाही, असे म्हणून लोकांनी ते बाजूला ठेवले. संकलक तयार असून त्याला बराच काळ कुणी हात लावेना. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी पुढे फ्लो-मॅटिक ही इंग्रजी शब्दांनी चालणारी भाषा उभी केली. प्रात्यक्षिकात तोच कार्यक्रम फ्रेंच आणि जर्मन शब्दांनीही चालवून दाखवला, तर वरिष्ठ हादरले. अमेरिकेत तयार झालेल्या यंत्राला परकी भाषा कळेल कशी, असा त्यांचा प्रश्न! यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच परक्या, हे पटवायला बाईंना बराच वेळ लागला.

मे १९५९ मध्ये सरकार आणि कंपन्यांची माणसे एकत्र बसली आणि व्यापारी कामासाठी एक समाईक भाषा करायचे ठरले. तिचे नाव कोबोल. बाई त्या कामाच्या सल्लागार होत्या. भाषा घडवली ती जीन सॅमेट आणि इतर अनेकांनी, पण पाया मुख्यतः फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कार्यक्रम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर लागोपाठ दोन दिवस चालवून दाखवण्यात आला. त्याआधी प्रत्येक यंत्राची बोली निराळी होती.

याचा आपल्याशी संबंध काय? मोठा आहे. मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि भारतात सॉफ्टवेअर हा व्यवसाय रुजू लागला. बँका आणि विमा कंपन्यांची कामे कोबोलमध्ये असत. १९९९ संपताना वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या जुन्या प्रणाली कोलमडतील, अशी धास्ती जगाला पडली. तेव्हा लाखो ओळी तपासायला कोबोल शिकलेले भारतीय तरुण परदेशी गेले. त्यांत मराठी घरांतली मुले-मुली पुष्कळ. १ जानेवारी २००० उजाडला आणि फारसे काही बिघडले नाही. काहीच झाले नाही हेच त्यांचे यश होते, आणि न झालेल्या गोष्टीची मिरवणूक कोण काढणार? सॉफ्टवेअरवाल्यांचे दुखणे हेच आहे. काम उत्तम झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

हॉपरबाईंना हे पक्के ठाऊक असावे. म्हणून न दिसणारे दाखवायची त्यांना हौस होती. व्याख्यानाला जाताना त्या जवळपास एक फूट लांबीच्या तारांचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाते, हे तो तुकडा हाती घेतल्यावर पोरालाही समजे. सोबत सुमारे तीनशे मीटर तारेचे वेटोळेही असे. तो सेकंदाचा दशलक्षावा भाग. वेळेची उधळपट्टी करणाऱ्याने ते गळ्यात अडकवून घ्यावे, असे त्या गमतीने सुचवत. कचेरीत उलटे फिरणारे घड्याळ लावले होते. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीला ते त्यांचे उत्तर होते. हाताखाली घडलेल्या तरुणांचा त्यांना आपल्या शोधांहून जास्त अभिमान होता.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि सात महिन्यांत परत बोलावले. सहा महिन्यांसाठी आलेल्या बाई एकोणीस वर्षे राहिल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या, आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजूही झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे एका युद्धनौकेला त्यांचे नाव मिळाले आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही मरणोत्तर मिळाला. हे मोठे सोहळे. पण त्यांचे आयुष्य उभे होते ते गुरुवारच्या मुदतींवर, वहीतल्या तुकड्यांवर आणि रोजनिशीतल्या ओळींवर.

वाचकहो, रविवारी तुमच्याही घरी पुण्या-बंगळुरूहून फोन येत असेल. जेवलास का, पगार वाढला का, गावी कधी येणार, हे आपण विचारतोच. त्यात एका प्रश्नाची भर घालून पाहा : या आठवड्यात काय जमले? उत्तर आपल्याला निम्मे कळणार नाही. तरी ऐकून घ्यावे. काट्याला लागलेले गाठोडे किती भरले ते पाहायला जवळ कुणीतरी उभे असले की वेचणाऱ्या हातांना बरे वाटते.