लूसी विल्स आणि मार्माइटची बरणी

गिरण्यांच्या भोंग्यांवर मुंबईचे घड्याळ चालत होते त्या काळात, १९२८ साली, लूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाली. गिरणगावातल्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत. कित्येक बाळंतपणातच दगावत. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या दिसत. लोह देऊन हा पंडुरोग हटत नसे.

लूसीबाईंचा जन्म १० मे १८८८चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. डॉक्टर झाल्या त्या बत्तिसाव्या वर्षी, १९२०मध्ये. लग्न केले नाही.

मुंबईत त्यांनी बायकांच्या ताटात काय पडते याची पाहणी केली. त्या काळच्या निबंधांवर त्यांच्याबरोबर मेहता, तळपदे, बिलिमोरिया ही नावे दिसतात, हे आपण विसरू नये. मग तसलेच निकस अन्न उंदरांना घातले. गाभण माद्या पंडुरोगाने मरू लागल्या आणि यीस्ट दिले की वाचू लागल्या. उत्तर सापडले असे वाटावे, तोच कळले की या दुखण्यात उवांतून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता! दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून मायदेशी गेला असता. बाईंनी उंदीर सोडले आणि माकडे घेतली.

माकडांमध्ये मात्र हुबेहूब तोच आजार उतरला, आणि तो मार्माइटने बरा झाला. मार्माइट म्हणजे बिअर करून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज घरांत तो पावाला लावून खातात. महागडे औषध नव्हे, वाण्याकडची बरणी. मुंबईच्या रुग्ण बायकांनाही त्याने गुण आला, हे १९३१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

आता खरी मेख. घातक पंडुरोगावर तेव्हा यकृताचा अर्क देत. त्याचा शुद्ध केलेला प्रकार त्या रोगावर चाले, पण या बायकांना आणि माकडांना लागू पडत नसे. कच्चा, अशुद्ध अर्क मात्र पडे. बँकेत उमर काढलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच उमगते. खतावणीत फरक राहतो, याचा अर्थ कुठली तरी नोंद सुटलेली असते. शुद्ध करताना सुटलेली ती नोंद लोक ‘विल्स घटक’ म्हणून ओळखू लागले. १९४१मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे काढण्यात आले, आणि हा घटक म्हणजे तेच जीवनसत्त्व ठरले. शुद्ध अर्कात जे होते ते ब१२.

या दोन जीवनसत्त्वांची वाट आतड्यात वेगळी आहे. फॉलिक आम्ल लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषले जाते. ब१२ अगदी शेवटच्या भागात, तेही एका खास प्रथिनाचा हात धरून. माणसात ते प्रथिन जठरातून येते. कुत्र्यात मुख्यतः स्वादुपिंडातून. म्हणून घरचे कुत्रे महिनोन्‌महिने ढाळ लागून रोडावले, की पशुवैद्य त्याच्या रक्तात दोन्हींचे प्रमाण तपासून पाहतात. फॉलिक आम्ल कमी तर दुखणे आतड्याच्या वरच्या अंगाला असण्याचा संभव. ब१२ कमी तर शेवटाला, किंवा स्वादुपिंडातच. आतड्यात जंतू माजले तर आणखी गंमत: ते ब१२ खाऊन टाकतात आणि फॉलिक आम्ल स्वतः तयार करतात, त्यामुळे एक आकडा उतरतो, दुसरा चढतो. मुके जनावर दुखते कुठे ते सांगू शकत नाही. ही चाचणी पोट न फाडता निदान दिशा तरी दाखवते.

लूसीबाई १९४७मध्ये लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळातून निवृत्त झाल्या. तिथे त्या सायकलवरून कामाला जात. पुढे फिजी आणि जमैकात जाऊन पुन्हा पंडुरोगाचेच काम केले, चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या. गर्भारपणाच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले तर बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात व्यंग बव्हंशी टळते, हे १९९१मध्ये सिद्ध झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.